मुलूख, वर्ण आणि पायरी

एम.ए.च्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: प्रबोधनकालीन इंग्रजी नाटकाच्या पेपरसाठी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वर वर्ण, स्त्री आणि समाजव्यवस्था अशी तीन स्वतंत्र टिपणे काढायला सांगितली जातात, पण नाटक वाचायला घेतले की तिन्ही टिपणे एकमेकांत मिसळतात. ती वेगळी ठेवायची कशी, आणि शेक्सपिअरला वर्णद्वेषी म्हणायचे की नाही?

पहिल्या भागाचे माझे उत्तर असे की ती वेगळी ठेवूच नका. हे नाटक मी पंचवीसएक वर्षे शिकवत आलो आहे आणि सुरुवातीची काही वर्षे मीही अशीच तीन टिपणे देत होतो, कारण ती तपासायला सोयीची असतात. पुढे तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशातील एका ओळीने मला ती पद्धत सोडायला लावली. व्हेनिसच्या नोकरीतला काळा, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘मूर’, सेनापती ऑथेल्लो याने सेनेटरची मुलगी डेस्डिमोना हिच्याशी लग्न केले आहे. त्याच्या हाताखालचा इयागो तिचे नाव कॅसिओ या अधिकाऱ्याशी जोडून त्याच्या मनात संशय पेरत असतो, आणि त्या संशयापायी ऑथेल्लो शेवटी तिचा जीव घेतो. ऑथेल्लो अजून म्हणतो आहे की डेस्डिमोना प्रामाणिकच आहे. पण त्याच दमात त्याच्या तोंडून अर्धे वाक्य निसटते, ‘आणि तरीही, निसर्ग स्वतःपासून कसा ढळतो...’ इयागो ते वाक्य तिथल्या तिथे झेलतो. तो म्हणतो, हाच तर मुद्दा आहे. तिच्याच मुलखाची, तिच्याच वर्णाची, तिच्याच पायरीची स्थळे सांगून आली असताना तिने ती नाकारली, आणि निसर्गात तर प्रत्येक गोष्ट आपल्यासारख्याकडेच ओढ घेते. मुलूख, वर्ण आणि पायरी हे तीन शब्द शेक्सपिअरने एकाच ओळीत ओवले आहेत, ती ओळ एका मुलीच्या लग्नाविषयी आहे, आणि तिन्हींना बांधणारी गाठ ‘निसर्ग’ या शब्दाची आहे. तुमची तीन टिपणे इयागोच्या या एका ओळीत मावतात.

‘पायरी’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. मूळ शब्दाला ‘दर्जा’ हा प्रतिशब्द चालेल. परंतु ‘आपली पायरी ओळखून वागावे’, ‘पायरी सोडून बोलू नये’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात जो धाक असतो, तो ‘दर्जा’ या शब्दात उतरत नाही. इंग्लंडमध्ये १५४७ पासून सरकारमान्य प्रवचनांचा एक संग्रह चर्चमध्ये वाचला जाई. त्यातील आज्ञापालनाविषयीच्या प्रवचनात राजा आणि प्रजा, धनी आणि चाकर, बाप आणि मुले, नवरा आणि बायको अशा जोड्या एकाच मालिकेत गुंफून, प्रत्येकाची पायरी देवानेच ठरवून दिली आहे असे सांगितलेले होते. कायदाही त्याच सुरात बोलत असे. चौदाव्या शतकातील राजद्रोहाच्या कायद्यानुसार बायकोने नवऱ्याचा खून केला तर तो साधा खून न राहता छोटा राजद्रोह ठरे आणि त्याची शिक्षा जिवंत जाळण्याची होती. नवऱ्याने बायकोला मारले तर मात्र तो केवळ खून असे. १५५१ मध्ये नवऱ्याच्या खुनाबद्दल ॲलिस आर्डेनला कँटरबरी येथे जाळण्यात आले, आणि त्या घटनेवरचे नाटक १५९२ मध्ये छापून निघाले. म्हणजे घर हे छोटे राज्य आहे ही केवळ उपमा नव्हती, तो कायदा होता. ‘ऑथेल्लो’चा पहिला प्रेक्षक हे डोक्यात घेऊनच नाटकाला येत होता.

आता नाटकाची सुरुवात पाहा, कारण तेथे बहुतेकांची एक चूक होते. इयागोचा पहिला शब्दच वर्णद्वेषाचा आहे असे अनेक उत्तरपत्रिकांत लिहिलेले असते. वास्तविक त्याची पहिली तक्रार बढतीची आहे. शहरातील तीन बड्या मंडळींनी त्याच्यासाठी शब्द टाकूनही ऑथेल्लोने नायबाची जागा कॅसिओला दिली. कॅसिओ फ्लॉरेन्सचा, युद्धशास्त्र पुस्तकांतून शिकलेला, रणांगणावर तुकडी कधी न चालवलेला. आणि इयागो मात्र निशाणबरदारच राहिला. पूर्वी ज्येष्ठतेप्रमाणे दुसरा पहिल्याच्या जागी जाई, आता शिफारशीवर आणि मर्जीवर जागा मिळतात, अशी त्याची कुरकुर आहे. (याच माणसाने आत्ताच तीन बड्या लोकांची शिफारस आणली होती, हे तो सोयीस्करपणे विसरतो.) ही कुरकुर कोणत्याही कचेरीत ऐकू येईल अशी आहे, म्हणूनच ती धोकादायक आहे: प्रेक्षक अर्ध्या क्षणासाठी मान डोलावतो. त्यानंतर मग इयागो डेस्डिमोनाचा बाप ब्रबान्शिओ याच्या खिडकीखाली उभा राहून काळ्या मेंढ्याची आणि पांढऱ्या मेंढीची ती किळसवाणी प्रतिमा ओरडून सांगतो. पायरीवरून दुखावलेला माणूस हाताला येईल ते हत्यार उचलतो, आणि व्हेनिसमध्ये हाताला येणारे हत्यार वर्णाचे असते. त्याची धार लागते ती मात्र मुलीच्या अंगाला. पहिल्याच प्रवेशात तिन्ही गोष्टी या क्रमाने येतात. त्या संपूर्ण प्रवेशात ऑथेल्लोचे नाव कोणीही घेत नाही; तो ‘मूर’ आहे, ‘जाड ओठांचा’ आहे, ‘बार्बरी घोडा’ आहे. त्याला नावाने हाक मारली जाते ती थेट तिसऱ्या प्रवेशात, व्हेनिसचा प्रमुख असलेल्या ड्यूकच्या तोंडून, आणि तीही तुर्कांविरुद्ध पाठवायची घाई असताना.

ब्रबान्शिओ हे पात्र वर्गात फार घाईने उरकले जाते, आणि ते मला खटकते. हा सेनेटर ऑथेल्लोला वारंवार घरी बोलावत असे, त्याच्या लढायांच्या आणि गुलामगिरीत विकले जाऊन सुटल्याच्या कथा आवडीने ऐकत असे. पाहुणा म्हणून त्याला मूर चालतो, जावई म्हणून चालत नाही. मुलीने स्वतःहून त्याला निवडले असेल हे त्याच्या कल्पनेतच बसत नाही, म्हणून तो जादूटोण्याचा आरोप करतो. दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी तो जे बोलतो ते लक्षपूर्वक वाचावे: असल्या गोष्टींना मोकळीक मिळाली तर उद्या गुलाम आणि पाखंडी आपले राज्यकर्ते होतील. एका मुलीच्या लग्नावरून तो दोन वाक्यांत राज्याच्या सत्तेपर्यंत पोहोचतो. वडिलांच्या मायेपोटी तो असे बोलतो हे खरे, परंतु त्या मायेला आकार दिला आहे तो व्यवस्थेच्या भीतीने. ड्यूक त्याचे ऐकत नाही, कारण ड्यूकला त्या रात्री सायप्रस वाचवायचा आहे. सायप्रसवर तुर्कांचे आक्रमण १५७० मध्ये खरोखरच झाले होते आणि पुढच्या वर्षी ते बेट व्हेनिसच्या हातून गेले. १६०४ च्या प्रेक्षकाला हे ठाऊक होते. ड्यूक सासऱ्याची समजूत काढताना म्हणतो की तुमचा जावई काळ्यापेक्षा गोराच अधिक आहे. ही ओळ विद्यार्थी अनेकदा उदारपणाची म्हणून उद्धृत करतात. त्यातले माप कोणाचे आहे ते पाहावे: गुण मोजायचा तर तो गोरेपणाच्या काट्यावरच मोजायचा. जाता जाता ब्रबान्शिओ ऑथेल्लोला एक वाक्य ऐकवून जातो, ‘तिने बापाला फसवले, तुलाही फसवील.’ दोन अंकांनंतर इयागो नेमके तेच वाक्य परत काढतो. इयागोजवळ स्वतःचे असे फार थोडे आहे. तो व्हेनिसने आधीच बोलून ठेवलेले योग्य क्षणी आठवून देतो.

लंडनमध्ये ‘मूर’ म्हणजे काय समजले जात होते, हेही थोडे सांगायला हवे. तो शब्द धर्म, मुलूख आणि कातडीचा रंग या तिघांवर सैलपणे पसरलेला होता. मोरोक्कोच्या सुलतानाचा वकील अब्द अल-वाहिद बिन मसूद १६०० मध्ये लंडनला येऊन काही महिने राहिला. स्पेनविरुद्ध इंग्लंडने मोरोक्कोशी हातमिळवणी करावी असे बोलणे चालू होते, आणि त्याचे त्या वेळचे तैलचित्र आजही बर्मिंगहॅममध्ये आहे. त्याआधी चारच वर्षे, १५९६ मध्ये, राणी एलिझाबेथच्या दरबारातून काळ्या माणसांना देशाबाहेर पाठवण्याविषयी पत्रे निघाली होती. म्हणजे दरबार एका हाताने मूरांचे स्वागत करत होता आणि दुसऱ्या हाताने काळ्यांना दार दाखवत होता. नाटकातील व्हेनिस ही सोय तंतोतंत ओळखतो. रंगभूमीवर तोपर्यंत काळे पात्र बहुधा खलनायक असे. खुद्द शेक्सपिअरचा ‘टायटस अँड्रॉनिकस’मधील ॲरन तसाच आहे. ‘ऑथेल्लो’त त्याने मांडणी उलटवली, सेनापती काळा आणि सैतान गोरा. पण ही उलटापालट जाणवण्यासाठी प्रेक्षकाच्या मनात आधीची सवय जिवंत असावी लागते, हे विसरून चालणार नाही.

मराठीत कलावंत जेथे रंग लावतात त्या खोलीला आपण रंगपट म्हणतो, आणि या नाटकाचे बरेचसे रहस्य रंगपटात आहे. ऑथेल्लोचे काम करणारा रिचर्ड बर्बेज हा गोरा इंग्रज तोंडाला काळा रंग लावून उभा राहत असे, आणि डेस्डिमोनाचे काम करणारा पोरगा पांढरा रंग लावून. हिमाहून शुभ्र आणि संगमरवरासारखी नितळ अशी जिची त्वचा ऑथेल्लो शेवटच्या प्रवेशात वाखाणतो, ती स्त्री आणि तिची शुभ्रता या दोन्ही गोष्टी रंगपटात तयार झालेल्या होत्या. १६१० मध्ये ऑक्सफर्डला या नाटकाचा प्रयोग झाला. तो पाहिलेल्या हेन्री जॅक्सनचे लॅटिन पत्र उपलब्ध आहे. त्यात तो लिहितो की डेस्डिमोनाने काम उत्तम केलेच, पण पलंगावर मृत पडलेली असताना तिच्या नुसत्या चेहऱ्याने प्रेक्षकांचे मन अधिक हेलावले. तो मुलगा आहे हे जॅक्सनला माहीत होते, तरी पत्रात तो ‘ती’ असेच लिहितो. बालगंधर्वांच्या लुगड्याची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज स्त्रिया करत, हे ज्यांनी आजीकडून ऐकले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. बाईपण आणि गोरेपण हे दोन्ही उपजत असते असे धरून तर इयागो ‘निसर्गा’ची शपथ घेतो; आणि तो हे ज्या फळ्यांवर उभा राहून सांगतो, तेथे दोन्ही गोष्टी सायंकाळपर्यंत पुसल्या जाणार असतात. शेक्सपिअरला हा विरोध जाणवला असेल का, यावर मी पैज लावणार नाही. प्रयोगात तो असतोच.

एक पाठभेद मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः पाहावा. नाटकाचे १६२२ चे छोटे छापील पुस्तक आणि शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ चा मोठा संग्रह यांत सुमारे १६० ओळींचा फरक आहे, आणि त्या ओळी संग्रहात अधिक आहेत. त्यांपैकी एका ठिकाणी ऑथेल्लो म्हणतो, चंद्रदेवता डायनाच्या मुखासारखे निर्मळ असलेले ‘माझे नाव’ आता माझ्याच तोंडासारखे काळे, काजळी फासलेले झाले आहे. १६३० मध्ये पुन्हा छापलेल्या छोट्या पुस्तकात तेथे ‘माझे’च्या जागी ‘तिचे नाव’ आहे. संपादक शेकडो वर्षे या एका शब्दावर भांडत आले आहेत. मला वाटते ‘माझे’ हाच पाठ अधिक भेदक आहे. बायकोच्या वागण्याने नवऱ्याचे नाव डागाळते, ही त्या कुटुंबव्यवस्थेची रीत. डागाळणे म्हणजे काळे होणे, ही भाषेची रीत. आणि ती काळिमा दाखवायला ऑथेल्लोला उपमा सापडते ती स्वतःच्या चेहऱ्याची. मराठीत आपणही अब्रू गेली की तोंड काळे झाले म्हणतो, म्हणून ही ओळ आपल्याला भाषांतराशिवाय लागते. पहिल्या अंकात आपल्या पराक्रमाच्या आणि राजवंशाच्या जोरावर निश्चिंत असलेला हा माणूस इथे प्रथमच स्वतःकडे व्हेनिसच्या डोळ्यांनी पाहतो. इयागोचे काम येथे संपल्यात जमा आहे. पुढचा रुमाल, म्हणजे ऑथेल्लोने डेस्डिमोनाला दिलेला आणि इयागोने कॅसिओच्या खोलीत टाकलेला, हा केवळ पुरावा. तोही असा की त्याची हकीकत ऑथेल्लो एकदा सांगतो की एका इजिप्शियन बाईने तो आईला दिला, आणि शेवटी सांगतो की बापाने आईला दिला.

डेस्डिमोना गप्प का बसते, असे मुली हमखास विचारतात. पहिल्या अंकात ती गप्प नाही. भर सेनेटसमोर ती बापाला सांगते की तुमच्याविषयीचे कर्तव्य आणि नवऱ्याविषयीचे कर्तव्य अशी माझी विभागणी झाली आहे, जशी माझ्या आईचीही तुमच्यासाठी झाली होती. आणि मला नवऱ्याबरोबर सायप्रसला जाऊ द्या अशी मागणी स्वतः करते. तिची गोची अशी की तिचे हे बोलणेच पुढे तिच्याविरुद्ध साक्ष ठरते. जिने एकदा पायरी सोडली ती पुन्हाही सोडील, एवढाच इयागोचा युक्तिवाद आहे. ज्या धिटाईमुळे ऑथेल्लोला बायको मिळाली, त्याच धिटाईवर त्याने संशय घ्यायचा.

या नाटकातील व्यवस्थेला खरा तडा इयागोची बायको आणि डेस्डिमोनाची सेविका एमिलिया देते. चौथ्या अंकाच्या शेवटी डेस्डिमोनाचे केस सोडताना ती म्हणते की बायकांनाही नवऱ्यांसारखीच नजर असते, वास येतो, गोड-आंबट कळते. बायका घसरतात त्यात दोष नवऱ्यांचाच. हे भाषण १६२२ च्या पुस्तकात नाही, आणि त्याच प्रवेशातले डेस्डिमोनाचे विलोचे गाणेही नाही. ते कोणी आणि का गाळले यावर तर्क पुष्कळ झाले आहेत. परंतु माझ्या मते एमिलियाची मोठी ओळ त्या भाषणात नसून शेवटच्या प्रवेशात आहे. रुमालाचे सत्य तिच्या लक्षात येते, इयागो तिला घरी जायला फर्मावतो, आणि ती जमलेल्या पुरुषांना उद्देशून म्हणते की त्याची आज्ञा पाळणे हे माझे कर्तव्यच आहे, पण आत्ता नाही. इयागो, कदाचित मी घरी कधीच येणार नाही. आमच्या महाविद्यालयात एकदा हा प्रवेश बसवला तेव्हा एमिलियाचे काम करणारी मुलगी ही ओळ ओरडून म्हणत असे आणि ती वाया जात असे. मी तिला एवढेच सुचवले की ‘कर्तव्यच आहे’ हे शब्द मनापासून म्हण, कारण एमिलियाचा त्यावर विश्वास आहे. तिने ते शांतपणे म्हटले, ‘पण’च्या आधी क्षणभर थांबली, आणि तालमीला बसलेली मुले हलायची थांबली. एमिलिया व्यवस्था नाकारत नाही. ती तिच्याकडे फक्त थोडी मुदत मागते. तेवढ्यासाठी तिला जीव द्यावा लागतो.

आता वर्णद्वेषाचा प्रश्न. ज्या प्रवेशात एमिलिया एवढी उंच होते, त्याच प्रवेशात ती ऑथेल्लोला ‘आणखी काळा सैतान’ म्हणते आणि डेस्डिमोनाच्या लग्नाला ‘घाणेरडा सौदा’ म्हणते. स्त्रीच्या बाजूने नाटकातील सर्वांत स्वच्छ बोलणारी व्यक्ती वर्णाच्या बाबतीत इयागोचीच भाषा बोलते. म्हणून ‘नाटक वर्णद्वेषी आहे’ आणि ‘नाटक वर्णद्वेषाविरुद्ध आहे’ ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. नाटक दाखवते की ती भाषा सर्वांच्या तोंडी होती, चांगल्यांच्याही, आणि अखेर स्वतः ऑथेल्लोच्याही. ती भाषा नाटककाराच्या तोंडीही होती का? थोडी निश्चित होती. तो लंडनचाच रहिवासी होता. त्याने ज्या इटालियन कथेवरून हे नाटक घेतले, त्या चिंथिओच्या १५६५ च्या कथेत नायिका स्वतःच म्हणते की निसर्गाने, देवाने आणि राहणीने ज्याला आपल्यापासून वेगळे केले त्याच्याशी मुलींनी लग्न करू नये, हा धडा माझ्यावरून घेतला जाईल अशी मला भीती वाटते. हे वाक्य शेक्सपिअरने डेस्डिमोनाच्या तोंडून काढून टाकले, आणि त्यातला निसर्ग इयागोच्या हाती दिला. माझ्या दृष्टीने शेक्सपिअरच्या बाजूने देता येणारी ही सर्वांत मजबूत साक्ष आहे. ती वाचकांना लगेच पटली असे नाही; टॉमस रायमर या इंग्रज समीक्षकाने १६९३ मध्ये थट्टेने का होईना, नाटकाचे तात्पर्य म्हणून तोच धडा परत लिहिला.

मराठीत हे नाटक महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये आणले, पुढे देवलांचा ‘झुंझारराव’ आला, शिरवाडकरांचे भाषांतर आले. आपल्याकडचा विद्यार्थी सेनेटचा प्रवेश वाचला की लगेच आंतरजातीय लग्नाचे उदाहरण देतो, आणि ब्रबान्शिओ समजायला त्याचा उपयोग होतोच. मात्र उत्तरपत्रिकेत जात आणि मूरपण यांची सरळ बरोबरी करू नये. ऑथेल्लो बाप्तिस्मा घेतलेला, परक्या राज्याने पगारावर ठेवलेला, स्वतःच्या मुलखात राजवंशाचा असा माणूस आहे. त्याचे तुटलेपण वेगळ्या प्रकारचे आहे. मरताना तो सांगतो की अलेप्पोमध्ये एका फेटेवाल्या तुर्काने व्हेनिसच्या माणसाला मारहाण केली आणि राज्याची निंदा केली, तेव्हा त्या कुत्र्याचा गळा धरून मी त्याला असे भोसकले; आणि ‘असे’ म्हणताना तो स्वतःला भोसकतो. राज्याचा रक्षक आणि राज्याचा शत्रू या दोन्ही जागा तो एकटा भरून काढतो.

त्यानंतरच्या शेवटच्या ओळी प्रयोगात कधीकधी कापल्या जातात, आणि वर्गातही कोणी वाचत नाही. व्हेनिसहून आलेला दूत लोडोव्हिको पलंगाकडे बोट दाखवून म्हणतो की हे दृश्य नजरेला विष आहे, ते झाकून टाका. एमिलियाने आपल्याला बाईसाहेबांच्या शेजारी ठेवा अशी विनंती केली होती. ती पाळली असा रंगसूचनेत उल्लेख नाही, दिग्दर्शकाने ते ठरवायचे. इयागो जिवंत आहे, त्याच्या यातनांचे काम नव्या सुभेदारावर, म्हणजे कॅसिओवर, सोपवले जाते. आणि त्याच भाषणात लोडोव्हिको ब्रबान्शिओच्या भावाला, ग्रॅशिआनोला, सांगतो: घर ताब्यात घ्या, मूराची मालमत्ता जप्त करा, कारण वारसाहक्काने ती तुमच्याकडे येते.